भागल्यावर वाढतें कसें?

अर्थ न कळतांहि जन्मभर बिनचूक वापरतां येतील, असे नियम शालेय गणितांत थोडे नाहींत. 'दुसरा अपूर्णांक उलटा करा आणि गुणा' हा त्यांतील अग्रगण्य होय. आपल्या सुशिक्षित घरांतून तो बहुतेकांना मुखोद्गत असतो. परंतु भागाकार करावयाचा असतां गुणाकार कां, असें मुलानें विचारलें कीं वडील मंडळी वर्तमानपत्रांत तोंड खुपसतात!

इंदापूर तालुक्यांतील अंथुर्णे हें नीरा डाव्या कालव्याच्या मुलुखांतील गांव. तेथें कांहीं दिवस माझें वास्तव्य असतां शेजारच्या शेतकरी कुटुंबांतील एक मुलगी गणितें घेऊन येत असे. तीन चतुर्थांशाला एक अष्टमांशानें भागून तिनें 'सहा' हें उत्तर क्षणांत काढलें, आणि लगेच म्हणाली, "पण काका, भागल्यावर कमी व्हायला पाहिजे ना? पाऊणाचे सहा कसे झाले?"

मीं नियम पुन्हा सांगितला नाहीं. तिच्याच घरचें माप घेतलें. एकराचे गुंठे चाळीस. तेव्हां पाऊण एकर म्हणजे तीस गुंठे, आणि एकराचा आठवा हिस्सा म्हणजे पांच गुंठे. "आतां सांग पोरी, तीस गुंठ्यांत पांच-पांच गुंठ्यांचे तुकडे किती पडतील?" ती हंसली. येथें भागाकार म्हणजे मोजणी. माप जितकें लहान, तितकी मोजणी मोठी. दोन्ही अपूर्णांक एकाच मापांत आणले, म्हणजे समच्छेद केले, कीं उरतो तो अंशांचा नेहमींचाच भागाकार.

उलटविण्याचें मर्म मात्र दुसऱ्या उदाहरणानें अधिक उघड होतें. समजा, पाटाच्या पाण्यानें पाऊण दिवसांत अर्धा एकर ऊस भिजला. तर त्याच गतीनें पूर्ण दिवसांत किती भिजेल? हाच अर्ध्याला पाऊणानें भागण्याचा प्रश्न. पाऊण दिवस म्हणजे तीन पाव दिवस. म्हणून अर्ध्या एकराचे तीन भाग केले, तेव्हां पाव दिवसाच्या वांट्याला एक षष्ठांश एकर आला. पूर्ण दिवसांत असे चार पाव. म्हणून त्याची चौपट केली. चार षष्ठांश, अर्थात् दोन तृतीयांश एकर. तीनांनीं भागलें आणि चारांनीं गुणलें. तीन चतुर्थांशाचे चार तृतीयांश झाले ते असे.

हा नियम कोणा विलायती पंतोजीचा शोध नव्हे. ब्रह्मगुप्तानें इ. स. ६२८ मध्यें 'ब्राह्मस्फुटसिद्धान्तां'त आणि भास्कराचार्यांनीं ११५० च्या 'लीलावतीं'त तो सांगितला आहे. पूर्वी आपल्या शाळांतून पावकी, निमकी, पाउणकी, औटकी पाठ करून घेत. १९५७ सालीं दशमान नाणीं आलीं आणि पुढें तें पाठांतर मागें पडलें. त्याचें फारसें दुःख नको. पण पाऊण म्हणजे केवढें, हा अंदाज तरी मुलांपाशीं राहावा.

कारण प्रश्न केवळ परीक्षेचा नाहीं. आज सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्यें असतें, बोलण्यांत एकर-गुंठे असतात, आणि वांटणी हिश्शांनीं होते. २००५ सालच्या कायदेदुरुस्तीनें वडिलोपार्जित मालमत्तेंत मुलीलाहि मुलासारखाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. तो हक्क कागदावरून बांधापर्यंत पोहोंचावयाचा, तर आपला हिस्सा तिला स्वतः मोजतां आला पाहिजे. वांटणीच्या बैठकींत कोणी चुकीचा आंकडा पुढें केला, तर नुसता पाठ केलेला नियम तिच्या उपयोगी पडेलच असें नाहीं. अर्थ कळला असेल तर मात्र तिला गप्प बसविणें कठीण.

म्हणून आईबापांना एवढीच विनंती कीं, नियम शिकविण्यापूर्वीं मुलापुढें अर्धा लिटर दूध आणि एक लहानशी वाटी ठेवावी, व "यांतून अशा किती वाट्या भरतील?" असें विचारावें. उत्तर त्याला प्रथम डोळ्यांनीं दिसूं द्यावें. पाटी-पेन्सिल मग घ्यावी.