टाळ धर की!

तुम्ही कधी हरिजागराला बसलाय का हो? लांबून ऐकायला नाही, आत, मांडवात, भजनकऱ्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून! नसाल तर हातातलं काम ठेवा बाजूला. मला हे यंदाच्या सप्ताहात, आमच्या बिलोलीत, घरापासून चार गल्ल्यांवर सापडलंय आणि तेव्हापासून जेवतानाही बोटं ताटाच्या कडेवर ठेका धरतायत!

मला गाण्यातलं काही कळत नाही, हे आधीच सांगतो. राग ओळखता येत नाही, सम कुठे येते ते शेजारच्याच्या मानेकडे बघून कळतं. पण कळायची गरजच नाही, हाच तर शोध आहे!

पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथाभजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण कीर्तन संपतं, बायाबापड्या लेकरं उचलून घरी जातात, आणि मग खरी गंमत, म्हणजे हरिजागर, सुरू होते! पेटी मधोमध सरकते, आणि मग शेजारच्या गावचं भजनी मंडळ चहा पिऊन येऊन टेकतं, आणि मग कुंडलवाडीकडचे दोघे येतात, आणि मग मांजरेपलीकडून, बोधनच्या बाजूनं आलेले एक आजोबा धोतर सावरत बसतात, आणि कुणीच कुणाला विचारत नाही की तुम्ही कोण, कुठले, किती शिकलात! फक्त पेटीवाले मामा विचारतात, ‘काळी चार?’ आजोबा मान हलवतात. झालं! एवढी ओळख पुरते!

मी खांबाला टेकून उभा होतो. एक काका वळून म्हणाले, ‘काय बघलालास? टाळ धर की!’

आणि धरला! केवढे जड असतात हो ते टाळ! दोरी बोटांना कशी गुंडाळायची ते काकांनी डोळ्यांनीच दाखवलं, भजन न थांबवता! पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावतात, हे तुम्हाला माहीत होतं? कणीक! पोळीची! थोडी वाढवायची, थोडी खरवडायची, की खर्ज हवा तसा घुमतो! मी अर्धा तास त्या कणकेकडेच बघत होतो.

आणि वीणा! सप्ताहभर ती खाली टेकतच नाही! रात्रंदिवस कुणीतरी गळ्यात घेऊन उभा. पहारा बदलला की देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो आणि घेणारा देणाऱ्याच्या! मी पाहिलं तेव्हा देणारे सत्तरीचे होते आणि घेणारा कॉलेजातला पोरगा. दोघंही वाकले! माझ्या अंगावर काटा आला, खरंच सांगतो.

मग मी विचारत सुटलो. एवढी अनोळखी माणसं सराव न करता एकत्र कशी म्हणतात? पेटीवाल्या मामांनी बोटांवर मोजून दाखवलं. मोठ्या अभंगाच्या चरणाचे चार तुकडे, अक्षरं सहा, सहा, सहा आणि चार! तुकोबांचा घ्या, नामदेवांचा घ्या, माप तेच! म्हणून एक चाल आली की कितीतरी अभंग त्या चालीत बसतात, आणि ठेका आठ मात्रांचा, फिरून फिरून तोच, आणि मग एक जण चरण म्हणतो, बाकीचे ध्रुपद उचलतात, आणि ध्रुपद तर तिसऱ्या फेरीला मलासुद्धा पाठ झालं होतं! म्हणजे नवख्याला आत घ्यायची सोय शेकडो वर्षांपूर्वीच करून ठेवलीय!

मी मोबाइलवर थोडं टिपून व्हर्जिनियातल्या मावसबहिणीला पाठवलं. तिचा लगेच फोन! ‘अरे, आमच्या ब्लूग्रासच्या जत्रेत हेच चालतं!’ ब्लूग्रास? मी नावही ऐकलं नव्हतं! मग तिनंच सांगितलं, केंटकीच्या बिल मन्रोनं 1939 साली ‘ब्लू ग्रास बॉइज’ नावाचा ताफा उभा केला, 1945 च्या शेवटी अर्ल स्क्रग्ज बँजो घेऊन त्यात आला, आणि मग ते संगीत असं पसरलं की 1965 साली व्हर्जिनियातच, फिनकॅसलच्या माळावर कार्लटन हेनीनं त्याची अनेक दिवसांची जत्राच भरवली! पण ताई म्हणते, व्यासपीठावरचं ऐकून झालं की खरी मजा गाड्या लावायच्या मैदानात! अनोळखी माणसं फिडल, मँडोलिन, गिटार घेऊन गोल उभी राहतात, पट्टी कुठली ते एक जण सांगतो, तीनचार कॉर्डांचं गाणं सुरू होतं आणि वाजवायची पाळी गोल फिरत जाते. गाणं संपवायचं असलं की म्होरक्या एक पाय वर उचलतो! पाय! आमच्याकडे काका टाळ उंच करतात!

इतके दिवस मी कानात बोंडं घालून जगभरची गाणी एकटा ऐकत होतो. चांगली होती ती. पण त्या गाण्यांना माझी गरज नव्हती. इथे माझा टाळ चुकला की शेजारचा जरा जोरात वाजवून मला ओढून घेतो, रागावत नाही, आणि मग मीही सापडतो! ऐकणारा वेगळा आणि गाणारा वेगळा, ही भिंतच नाही तिथे, आणि ही माझ्यासाठी सगळ्यांत मोठी गोष्ट आहे.

आणि हे फक्त एका मांडवात नाही! आपल्या नांदेड-लातूरकडे गावोगावी अखंड शिवनाम सप्ताह असतो, मन्मथस्वामींच्या ‘परमरहस्या’चं पारायण होतं, तिथेही भजन आहेच! महिला भजनी मंडळं आहेत, एका मावशींची ढोलकी ऐकली आणि तोंडात बोटं गेली! आता पखवाज शिकायचाय. त्याआधी औशाला, नाथ संस्थानाचं चक्रीभजन ऐकायचंय, त्याबद्दल कळल्यापासून पाय शिवशिवतायत! गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत. गाता येत नाही म्हणू नका, मलाही येत नाही. येताय ना?