पोचपावतीवरची सही

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याच्या नावापुढे सरकारी कागदावरसुद्धा ‘मिलिटरी’ लागतं. पहिल्या महायुद्धात इथले ४६ जवान कामी आले. इंग्रजांनी त्यांचं स्मारक गावात उभारलं. घरटी एक तरी माणूस फौजेत. पहाटे रस्त्याला पळणारी पोरं वाढली की भरती जवळ आली असं खुशाल समजावं. गावाची ओळख लोक इथूनच करून देतात, आणि ते रास्तच आहे. मला मात्र आठवतात त्या गावच्या दुपारी. कर्ते पुरुष जवळजवळ नाहीतच. रानात बाया, आडावर बाया, पारावर म्हातारे पेन्शनर, आणि शाळेत माझी आई.

सगळं गाव तिला बाई म्हणे. वडील मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत. सुट्टीवर आले की लग्नकार्यं, घराची डागडुजी, बांधाचे तंटे, सगळं तेवढ्यात उरकायचं. एरवी घर, शेत, सासू-सासरे, आम्ही पोरं आणि शाळा तिच्या अंगावर. तिने कधी त्रागा केला नाही असं मी म्हणणार नाही. काही रात्री भांडी फार जोरात घासली जात.

महिन्याच्या सुरुवातीला मनीऑर्डरी येत. पोस्टमन सोप्यात बसून फॉर्म पसरी, शाईचं पॅड उघडी, आणि समोरची बाई पदराला अंगठा पुसून पुढे करी. साक्षीला आई. त्या अंगठ्यांनी ती अस्वस्थ होई. मनीऑर्डरची पोच पैसे पाठवणाऱ्याकडे परत जाई. म्हणजे शेजारची वहिनी दर महिन्याला नवऱ्याला काहीतरी धाडतच होती, आणि ते काय, तर शाईचा डाग!

मग दिवाबत्ती झाल्यावर आमच्या सोप्यात पाट्या घेऊन बाया जमू लागल्या. मुळाक्षरं मागाहून, आधी स्वतःचं नाव. पाटीभर नाव काढणारीला फॉर्मवरच्या बोटभर जागेत ते मावेना, म्हणून आई वहीत तेवढ्याच मापाची चौकट आखून देई. एकीच्या नावात ‘क्ष’ होता. तो काही केल्या उतरेना. आई तिच्यामागे गुडघ्यावर बसून तिचा हात धरी आणि गिरवून घेई. दिवसभर खुरपं धरलेला तो हात पेन्सिल इतकी दाबायचा की टोक मोडायचं. आई पुन्हा टोक काढून देई.

पुढे वडिलांनी सांगितलं, पलटणीतला एक जवान अशी सही केलेली पोच हातात घेऊन बराकभर दाखवत फिरला होता. बायकोचं अक्षर त्याने पहिल्यांदाच पाहिलं होतं.

१९७१च्या डिसेंबरात, युद्ध पेटलं तेव्हाही आईने तो वर्ग मोडला नाही. पत्रावर फौजी टपालाचा पत्ता, ‘मार्फत ९९ ए.पी.ओ.’, त्यात ना गाव, ना नदी. रेडिओवर बातम्या लागल्या की बाया पाट्या मांडीवर ठेवून ऐकत. अवेळी सायकलची घंटा वाजली तर हातातलं काम थांबे. १६ तारखेला पाकिस्तानी फौजेची शरणागती झाली. वडिलांचं पत्र त्यानंतर बऱ्याच दिवसांनी आलं, आणि त्यात बांगलादेशातलं जमालपूर होतं. शाळेच्या नकाशावर ते नाव सापडेना. आईने ब्रह्मपुत्रेच्या जुन्या पात्राकाठी पेन्सिलीने एक ठिपका दिला आणि वर्गाला शिकवलं, नदी कुठून येते, पात्र कसं बदलतं, तिथे ताग का पिकतो. लढाईबद्दल चकार शब्द नाही. मला तेव्हा ते फार कोरडं वाटलं होतं. आता वाटतं, नवरा ज्या चिखलातून चालत गेला तो तिला आधी समजून घ्यायचा होता.

भरतीला निघालेली पोरं जन्मतारखेचा उतारा घ्यायला तिच्याकडेच येत. पोरगं लहानपणी कुठल्या बाकावर बसायचं, हेही तिला आठवत असे. माझ्या धाकट्या भावाने उतारा मागितला तेव्हा तिने आधी त्याला पुढे शिक म्हणून विनवलं. रात्री उशिरापर्यंत दोघांचं बोलणं चाललं होतं. सकाळी शाळेत तिने रजिस्टर उघडलं, नेहमीच्या ठसठशीत अक्षरात उतारा लिहिला, शिक्का मारला, शाई वाळू दिली. देताना म्हणाली, ‘‘पैसे कमी पाठवलेस तरी चालतील. पण मनीऑर्डरीच्या खालच्या तुकड्यावर चार ओळी लिहीत जा. ती जागा कोरी पाठवायची नाही.’’