तांदळाचा डबा

नोव्हेंबर २०१६. दोन हजाराच्या नव्या नोटेत चिप आहे, १२० मीटर खोल पुरली तरी उपग्रहाला कळते, असा मेसेज आईने वाचून दाखवला. मी हसले. उपग्रहापर्यंत सिग्नल पाठवायला वीज लागते, ती कागदात कुठून येणार? रिझर्व्ह बँकेनेही नाही म्हटलंय.

"मग माझे पैसे कसे बाहेर आले?"

तांदळाच्या डब्यात तिने वर्षानुवर्षं पाचशे-हजाराच्या नोटा लपवल्या होत्या. ८ तारखेच्या रात्रीनंतर त्या बाबांसमोर मोजाव्या लागल्या. बाबा रागावले नाहीत, पण डबा आता सगळ्यांना माहीत होता. चिप तिला त्यापेक्षा अशक्य वाटत नव्हती.

पुढे ती शंभराच्याच नोटा साठवू लागली, कुठे ते विचारायचं नाही. मे २०२३मध्ये दोन हजाराच्या नोटा परत मागवल्या, तेव्हा तिच्याकडे एकही नव्हती.