ही ओळ काढू का?

लिनक्सच्या नेटवर्किंगच्या कोडमधली एखादी विचित्र ओळ कुणी आणि का लिहिली, याचा माग काढत गेलं की फार वेळा १६ एप्रिल २००५ या तारखेशी वाट संपते. त्या दिवशी लिनस टोरवाल्ड्सने २.६.१२ची कच्ची आवृत्ती गिट या नव्याकोऱ्या साधनात टाकली आणि मागचा इतिहास बरोबर घेतला नाही. त्यामुळे गिटला विचाराल, तर त्याआधीच्या साऱ्या वर्षांचं, साऱ्या माणसांचं काम एकट्या टोरवाल्ड्सच्या खात्यावर जमा दिसतं. आमच्या धंद्यात हा रोजचा विनोद आहे. कुठल्या तरी कोपऱ्यातला गुंता बघून आपण वैतागतो, ‘कुणी लिहिलंय हे?’ म्हणून विचारतो, आणि उत्तर येतं, लिनसने.

त्याच्याही मागे जायचं तर टीसीपीच्या मुख्य फाइलीचा माथा वाचावा. तिथे रॉस बायरो, फ्रेड व्हान केम्पेन अशी पहिल्या पिढीची नावं आहेत आणि त्यांच्याखाली दुरुस्त्यांची लांबच लांब यादी आहे. तिच्यात ॲलन कॉक्स पुन्हा पुन्हा भेटतो. रीसेट पाठवताना ॲकचा बिट लावला. जोडणी होत असतानाच सॉकेट बंद केलं तर कर्नल कोसळत होता, ते थांबवलं. एकेका ओळीची नोंद. कॉक्स तेव्हा वेल्समधल्या स्वॉन्सीत होता. त्या काळी लिनक्स सुरू होताना पडद्यावर स्वॉन्सी विद्यापीठाच्या कॉम्प्युटर सोसायटीचं नाव यायचं. गिटच्या काळात अशी यादी फाइलीत ठेवत नाहीत. तरी ही कुणी काढून टाकली नाही याचं मला बरं वाटतं. यादीतल्या निम्म्या नोंदी ज्या कोडबद्दल आहेत तो कोड आता राहिलेला नाही, पण कुठल्या प्रकारच्या चुका इथे होतात याचं इतकं चांगलं पाठ्यपुस्तक दुसरं नाही.

मी पुण्यात बसून हेच काम करतो. नवं फार थोडं लिहितो. आहे ते चालू ठेवणं, वरच्या मूळ झाडात झालेले बदल आमच्या जुन्या कर्नलमध्ये उतरवणं आणि जमेल तेवढा कचरा काढणं. या शेवटच्या कामाबद्दल नवी मुलं फार उत्साही असतात. त्यांना पहिला पॅच पाठवायचा असतो, आणि कंस, रिकाम्या जागा, टॅब सरळ करण्याइतकं सोपं काही नसतं. नेटवर्किंगचे मेंटेनर असे पॅच नकोत असं लेखी नियमातच सांगतात: दुसऱ्या कुठल्या कामाच्या ओघात आली तर साफसफाई करा, नुसती करू नका. हे वाचून मुलं हिरमुसतात. पण सरळ केलेल्या प्रत्येक ओळीमुळे उद्या एखादी सुरक्षेची दुरुस्ती जुन्या आवृत्तीत उतरवताना ती जागी बसत नाही आणि ती हाताने बसवत मी संध्याकाळ घालवतो. त्यामुळे मी मेंटेनरांच्या बाजूचा. हीच मंडळी दुसरीकडे फंक्शनच्या सुरुवातीची व्हेरिएबल लांब ओळीपासून आखूड ओळीपर्यंत उतरत्या क्रमाने लावायला लावतात. उलटा टांगलेला ख्रिसमस ट्री म्हणतात त्याला. त्याचा उपयोग मला आजवर कळलेला नाही. मी मुकाट्याने लावतो.

खरी अडचण वेगळी आहे. एक जागा जवळून दाखवतो.

कर्नलमध्ये प्रत्येक पॅकेट एका एसकेबीत राहतं: डेटा, आणि डेटाबद्दलची सगळी नोंद. पाठवताना आधी ॲप्लिकेशनचा मजकूर त्यात जातो, मग टीसीपी आपलं हेडर त्याच्या अलीकडे जोडतं, त्याच्या अलीकडे आयपी, त्याच्याही अलीकडे इथरनेट. दर वेळी अख्खा मजकूर उचलून सरकवायचा नसेल तर अलीकडची जागा आधीच मोकळी ठेवावी लागते, वहीत समास आखतो तशी. येणाऱ्या पॅकेटसाठीही ड्रायव्हर थोडी जागा सोडतो, पण तिथे बऱ्याच ठिकाणी नेमके दोन बाइट सोडलेले दिसतात. ना त्यांत काही लिहिलं जातं, ना वाचलं जातं. कारण असं की, इथरनेटचं हेडर १४ बाइटांचं. १४ला ४ने भाग जात नाही. त्यामुळे पाठोपाठचं आयपीचं हेडर चारच्या हद्दीवर न येता अधल्यामधल्या जागी येतं आणि त्यातले चार बाइटांचे पत्ते तिरपे पडतात. आधी दोन बाइट सोडले की बेरीज १६ होते, हेडर सरळ बसतं.

आता गंमत पाहा. आपल्या टेबलावरच्या इंटेलच्या मशीनला तिरप्या जागेचं काही वाटत नाही. तिथे तर हा आकडा दोनऐवजी शून्यच ठरवलेला आहे. म्हणजे एखाद्याने ड्रायव्हरमधून ती ओळ काढली, कर्नल बांधला, दिवसभर चालवला, तरी काही बिघडणार नाही. बिघडेल ते स्पार्कवर, किंवा एखाद्या राउटरमधल्या मिप्स प्रोसेसरवर, जिथे तिरप्या पत्त्यावरून चार बाइट वाचायला गेलं की प्रोसेसर अडतो आणि कर्नलला प्रत्येक वेळी मागच्या दाराने ते वाचन उरकावं लागतं. राउटर चालेल, पण रखडत. आणि तो कुणाच्या तरी माळ्यावर असेल, आपल्याला कधी दिसणारही नाही.

फाइल सिस्टिमवाल्यांच्या, मेमरीवाल्यांच्या अडचणी कमी आहेत असं मी म्हणणार नाही. पण त्यांची बरीचशी गिऱ्हाइकं निदान त्याच मशीनवर असतात. आमचा कोड ज्याच्याशी बोलतो ते दुसरं टोक आमच्या हातात नसतं, त्याची आवृत्ती आम्हाला माहीत नसते, आणि मधल्या वाटेवर कोण बसून काय बदलतंय याचाही पत्ता नसतो. म्हणून ओळ वाचून ती निरुपयोगी आहे की नाही हे ठरत नाही. याची दुसरी बाजूही आहे, ती अशी की, ओळ तीच राहते, चोख चालते, आणि बाहेरचं जग बदलल्यामुळे ती कचरा होते.

याचं मला माहीत असलेलं सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे टीसीपी-टीडब्ल्यू-रीसायकल नावाचं बटण. टीसीपीची जोडणी जो आधी बंद करतो तो लिनक्सवर ६० सेकंद तिची आठवण ठेवतो. वाटेत रेंगाळलेलं जुनं पॅकेट नव्या जोडणीत घुसू नये यासाठी ही सोय, नाव टाइम-वेट. गर्दीच्या सर्व्हरवर अशा हजारो आठवणी साचतात, सर्व्हर सांभाळणारा नेटस्टॅटमध्ये ती यादी बघतो आणि घाबरतो. खरं तर घाबरण्यासारखं त्यात क्वचितच काही असतं. पण बटण होतं, आणि ते दाबा असं सांगणारी टिपणं गावोगाव फिरत होती. दाबलं की कर्नल प्रत्येक दूरच्या पत्त्याचा शेवटचा टीसीपी टाइमस्टॅम्प लक्षात ठेवायचा. त्याच पत्त्यावरून त्याहून जुन्या टाइमस्टॅम्पचं सिन, म्हणजे नवी जोडणी मागणारं पॅकेट, आलं, तर ते जुनंपुराणं समजून टाकून द्यायचं, आणि एवढा पहारा आहे म्हणून टाइम-वेट लवकर आवरता यायचं.

एक पत्ता म्हणजे एक मशीन, एवढंच गृहीत धरलं होतं. पण घरोघरी राउटर आले, मोबाइल कंपन्या एका सार्वजनिक पत्त्यामागे कितीतरी ग्राहक बसवू लागल्या (यालाच नॅट म्हणतात), आणि नॅटमागच्या प्रत्येक फोनचं घड्याळ वेगळं. एका कंपनीत मी हे पाहिलंय. त्यांचं ॲप ऑफिसच्या वायफायवर एकाच्या फोनवर उघडायचं, शेजारच्याच्या फोनवर फिरत राहायचं. वायफाय बंद करून मोबाइल डेटा लावला की चालायचं. ॲपवाल्यांनी वायफायवर ढकललं, वायफायवाल्यांनी इंटरनेट पुरवणाऱ्यावर. सर्व्हरवर टीसीपीडंप लावून बसलो तर सिन येताना स्पष्ट दिसत होतं. उत्तराचं सिन-ॲक मात्र जात नव्हतं. लॉगमध्ये अवाक्षर नाही. फक्त नेटस्टॅटच्या लांबलचक आकडेवारीत, टाइमस्टॅम्पमुळे नाकारलेल्या जोडण्यांचा आकडा गुपचूप वाढत होता. मग कॉन्फिगरेशनच्या फाइलीत ती ओळ सापडली, कुठून तरी कमेंटसकट उचललेली. कमेंटमध्ये लिहिलं होतं: वेग वाढवण्यासाठी.

कर्नलमधून हे बटण ४.१२मध्ये, जुलै २०१७ला गेलं. निमित्त झालं ते ४.१०चं. त्या आवृत्तीत सुरक्षेसाठी प्रत्येक जोडणीचा टाइमस्टॅम्प वेगळ्याच, अंदाज न लागणाऱ्या आकड्यापासून सुरू होऊ लागला. म्हणजे एकाच मशीनच्या दोन जोडण्यांमध्येही चढता क्रम राहिला नाही, आणि नॅट असो-नसो, बटणामागचा तर्कच ढासळला. वापरणाऱ्यांचं काही मोडायचं नाही, हा लिनक्सचा मोठा नियम. इथे तर उघडउघड एक सेटिंगच गायब केलं. माझ्या मते बरोबर केलं, आणि आणखी पाच वर्षं आधी करायला हवं होतं. आजही नवा सर्व्हर उभा करताना कुणाची तरी जुनी फाइल आली की सिस्टिम कुरकुरते, असं काही सापडत नाही म्हणते. ती कुरकुर ऐकून मला फार समाधान होतं. (टीडब्ल्यू-रीयूज हे बटण वेगळं. ते आहे आणि राहू द्या.)

सगळंच इतकं स्वच्छ होत नाही. आयपी-व्ही-फोरचा राउटिंग कॅश डेव्हिड मिलरने ३.६मध्ये, २०१२ साली काढला. काढण्याचं कारण बिनतोड होतं. कुठल्या पत्त्याला कुठल्या वाटेने पाठवायचं याची उत्तरं कॅशमध्ये साठायची, आणि बाहेरच्या कुणीही वाटेल त्या खोट्या पत्त्यांवरून पॅकेटं सोडली की तो भरून मशीन त्याची झाडलोट करण्यातच दमायचं. बाहेरच्या माणसाच्या मर्जीने भरणारा साठा कर्नलमध्ये नको, हे कुणालाही पटेल. आधी मूळ वाट शोधण्याचं काम पुरेसं वेगवान करून घेतलं, मग कॅश उचलला. अनेकांनी वाचलेला, तपासलेला बदल.

पण त्या कॅशच्या हातून आणखी एक काम होत होतं, जे त्याला कुणी नेमून दिलेलं नव्हतं. एकाच ठिकाणी जायला दोन वाटा असतील तर पहिल्या पॅकेटला जी वाट मिळायची तीच कॅशमध्ये राहायची, आणि त्या जोडणीची पुढची पॅकेटंही त्याच वाटेने जायची. कॅश गेल्यावर प्रत्येक पॅकेटची वाट वेगळी निवडली जाऊ लागली. दोन वाटांचा वेग सारखा नसतो. पॅकेटं मागेपुढे पोचू लागली, आणि क्रम बिघडला की टीसीपीला वाटतं काही हरवलं, ते वेग कमी करतं. पत्त्यांच्या हॅशवरून जोडणीला एकच वाट नेमून देणारा कोड ४.४मध्ये आला, जानेवारी २०१६ला. मधली तीन वर्षं दोन वाटा लावून बसलेल्या लोकांनी काय काय तपासलं असेल, कुणाकुणाच्या केबली बदलल्या असतील! जुना कोड वाचून हे कुणाला दिसलं असतं असं मला वाटत नाही. ते त्या कोडमध्ये लिहिलेलंच नव्हतं.

त्या मानाने मेलेले प्रोटोकॉल काढणं सोपं. टोकन रिंग ३.५मध्ये गेलं, आयपीएक्स २०१८ला, डेकनेट २०२२ला. आयपीएक्स गेलं तेव्हा माझ्या पिढीच्या काहींना थोडं लागलं, कारण नव्वदीत इथल्या कॉम्प्युटर क्लासांमध्ये नेटवर्क म्हणजे नॉव्हेल नेटवेअर आणि नेटवेअर म्हणजे आयपीएक्स. पण वापरात नसलेला प्रोटोकॉल निरुपद्रवी नसतो. डीसीसीपी फारसा कुणी वापरलाच नाही, तरी कितीतरी डिस्ट्रिब्युशनांत त्याचं मॉड्यूल तयार पडलेलं असायचं. साध्या वापरकर्त्याने त्या जातीचं सॉकेट मागितलं की कर्नल स्वतःहून ते मॉड्यूल चढवायचा. तीच मेमरी दोनदा मोकळी करण्याची त्यातली चूक २०१७ला सापडली. ती २००५पासून तिथे होती. प्रोटोकॉल गेला तो २०२५मध्ये, ६.१६ला.

ड्रायव्हरांचं मात्र दुखणं आहे. वर एखादा इंटरफेस सुधारला की खालचे शेकडो ड्रायव्हर त्याप्रमाणे बदलावे लागतात, आणि त्यांतल्या कित्येकांची कार्डं बदल करणाऱ्याकडे नसतात. मग पॅचखाली ओळ येते, फक्त कंपाइल करून पाहिलं आहे. ही प्रामाणिक ओळ आहे आणि मला तिची धास्ती वाटते.

सध्या माझ्यापुढे असंच एक आहे, रिअलटेक ८१३९. भारतात ब्रॉडबँड आलं त्या काळात असेम्बल्ड मशीनमध्ये बहुतेक वेळा हेच कार्ड निघायचं, कारण याहून स्वस्त मिळत नसे. फ्रीबीएसडीसाठी याचा ड्रायव्हर लिहिणाऱ्या बिल पॉलने फाइलीच्या सुरुवातीलाच कमेंटमध्ये या कार्डाची यथेच्छ टिंगल केली आहे, आणि ती रास्त आहे. पाठवायच्या जागा चारच, त्याही चारच्या हद्दीवर हव्यात म्हणून हट्ट, त्यामुळे जाणारं पॅकेट ड्रायव्हर आधी आपल्या बफरमध्ये उतरवून घेतो. येणारी सगळी पॅकेटं एकाच गोल बफरमध्ये एकामागे एक, त्यामुळे तीही एकेक करून बाहेर उतरवायची. तरी हा ड्रायव्हर काढता येत नाही. क्यूएमू याच कुळातल्या कार्डाचं सोंग घेतं, आणि जुन्या व्हर्च्युअल मशीन अजून त्या सोंगाशी बोलत असतात. क्यूएमूवर माझा बदल चालतो. पण बफरचं टोक ओलांडून पॅकेट पुन्हा सुरुवातीला वळतं तिथे खरी चिप आणि सोंग अगदी सारखं वागतात का, हे खरं कार्ड लावल्याशिवाय मी म्हणणार नाही.

म्हणून शनिवारी खरं कार्ड शोधायला पुण्याच्या तपकीर गल्लीत गेलो. दुकानदाराने आधी ऐकूनच घेतलं नाही. ‘‘साहेब, लॅन आता बोर्डावरच येतं. आणि ह्याला जुना पीसीआय स्लॉट लागतो, तो आहे का तुमच्याकडं?’’ आहे म्हटलं. मग त्याने पोऱ्याला पोटमाळ्यावर चढवलं. पोऱ्याने खोकंच खाली आणलं, त्यात डी-लिंकपासून बिननावाच्यापर्यंत पंधरा-वीस कार्डं, सगळ्यांवर खेकड्याचं चित्र असलेली तीच चिप. चालतात का विचारलं, तर म्हणाला, ‘‘लावून बघा, नाही चालली तर बदलून न्या.’’ चिपवरचं शेवटचं अक्षर वाचून मी ८१३९सी आणि ८१३९डी अशी दोन्ही जातींची वेगळी काढली.