मूळ संख्या : पारखून घेण्याची शिकवण

मूळ संख्यांचा पाठ वर्गात सुरू झाला, की एक प्रश्न हमखास येतो : याचा उपयोग काय? पालकसभेतही तो येतो आणि तो गैर नाही. ज्या घरांतून पहिलीच पिढी पुस्तकापर्यंत पोहोचली, त्या घरांनी शिक्षणाच्या प्रत्येक तासाचा हिशेब मागावा, हे योग्यच होय. गणित शिकविणारे म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही त्या प्रश्नास उत्तर देऊ इच्छितो.

ज्या संख्येला १ आणि ती स्वतः असे दोनच विभाजक असतात, ती मूळ संख्या. १ ते १०० मध्ये अशा २५ संख्या आहेत. वंदनेसाठी ६० मुले बसवायची असतील, तर पाच, सहा, दहा, बारा अशा सारख्या रांगा सहज होतात. एक मूल वाढून ती ६१ झाली, की एकतर सर्वांची मिळून एकच लांब रांग करावी, नाहीतर प्रत्येकाला सुटे बसवावे. तिसरी वाट नाही. ६० चे अवयव कोणत्याही क्रमाने पाडत गेलो, तरी शेवटी २ × २ × ३ × ५ एवढेच उरते. एकाहून मोठी प्रत्येक संख्या मूळ संख्यांपासून अशी एकाच प्रकारे घडते, हा अंकगणिताचा पाया आहे. १ ला मूळ संख्या का म्हणत नाहीत, याचे उत्तरही येथेच मिळते. तसे म्हटले, तर ६० च्या अवयवांत हवे तितके १ घालता येतील आणि हा नियमच मोडेल.

आता व्यवहाराकडे वळू. एखाद्या यंत्रात १२ दातांचे लहान चाक ३६ दातांच्या मोठ्या चाकाला फिरवीत असेल, तर लहान चाकाचा प्रत्येक दात पुन्हापुन्हा त्याच तीन दातांवर येतो. त्या दातात खोट असली, की त्या तिघांचीच झीज होते. लहान चाकास १३ दात दिले, तर तोच दात क्रमाने सर्व ३६ दातांना भेटतो आणि झीज वाटली जाते. १३ व ३६ या सहमूळ संख्या आहेत, एवढेच त्यामागचे कारण.

दुसरे उदाहरण आपल्या खिशातील फोनचे. इंटरनेटवरून मजकूर कुलूपबंद करून पाठविण्याची एक रीत रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी १९७७ साली शोधली. तिचे मर्म सहावीच्या मुलालाही कळेल. ८९ × ९७ हा गुणाकार करा. मिनिटभरात ८६३३ मिळतील. आता केवळ ८६३३ सांगून त्याचे अवयव विचारा. २, ३, ५ असा क्रमाने भाग देत गेल्यास तेवीस मूळ संख्या अपयशी ठरतात आणि चोविसावी, म्हणजे ८९, लागू पडते. गुणाकार सोपा, उलटा प्रवास अवघड. प्रत्यक्षात वापरली जाणारी संख्या ६१७ अंकीदेखील असते आणि तिचे दोन मूळ अवयव वाजवी काळात शोधणे आजच्या संगणकांना साधलेले नाही. या अडचणीवरच ते कुलूप टिकून आहे.

परंतु केवळ उपयोग सांगून थांबलो, तर अर्धेच उत्तर दिल्यासारखे होईल. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास युक्लिडने मूळ संख्या अनंत आहेत हे सिद्ध केले. सांगाल तितक्या मूळ संख्या घ्या, त्यांचा गुणाकार करा आणि त्यात १ मिळवा. येणाऱ्या संख्येला यादीतील कोणत्याही संख्येने भागले, तरी बाकी १ उरते. म्हणजे तिचा मूळ अवयव यादीबाहेरचाच असला पाहिजे. २, ३, ५, ७, ११ आणि १३ यांच्या गुणाकारात १ मिळविल्यास ३००३१ येतात. ही संख्या ५९ × ५०९ आहे, आणि हे दोन्ही अवयव यादीत नव्हते. येथे युक्लिडच्या मोठेपणावर विश्वास ठेवण्याची गरज पडत नाही. बाबासाहेबांनी १९५६ साली आपल्याला ज्या धम्माची वाट दाखविली, त्या धम्मास एहिपस्सिको म्हटले आहे. या, पहा, स्वतः पारखा. मूळ संख्यांचा पाठ हा त्याच वृत्तीचा सराव आहे, अशी आमची धारणा आहे.

गणित हे आपल्या लेकरांचे काम नव्हे, असे काही पालक आजही म्हणतात. दहावीनंतर तो विषय सुटतो आणि त्याबरोबर अनेक दारेही बंद होतात. त्यांना आम्ही दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांची आठवण देतो. डहाणूस १९०५ साली जन्मलेले कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीस शाळामास्तर होते. पदव्युत्तर पदवी त्यांच्यापाशी नव्हती. संख्यांची ओढ आणि कागद-पेन्सिल होती. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी संख्या घडत नाही, तिला त्यांनी स्वयंभू म्हटले. १५ मध्ये १ + ५ मिळविल्यास २१ होतात, म्हणून २१ स्वयंभू नाही. २० मात्र अशा कोणत्याही संख्येपासून मिळत नाही. ९७ ही मूळही आहे आणि स्वयंभूही. आज जगातील गणिती या संख्यांना देवळाली संख्या असेही म्हणतात. एका शाळामास्तराचे गाव असे गणितात नोंदले गेले. पुढे २००२ साली कानपूरच्या आयआयटीत मणीन्द्र अग्रवाल आणि त्यांचे दोन तरुण विद्यार्थी, नीरज कयाल व नितीन सक्सेना, यांनी कितीही मोठी संख्या मूळ आहे की नाही हे निश्चितपणे आणि जलद ठरविण्याची रीत दिली. शतकानुशतके मोकळा राहिलेला तो प्रश्न होता.

शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा ज्यांच्यासाठी शाळेचे दार उघडले, त्यांचीच पतवंडे आज गारगोटीत आपल्या वर्गांत बसली आहेत. त्यांनी मूळ संख्यांची यादी पाठ करावी, एवढीच आमची अपेक्षा नाही. शिक्षकाने फळ्यावर लिहिलेले ९१ पाहून, ही मूळ संख्या आहे का, असे त्यांनी विचारावे. ७ ने भागून पाहावे. आणि उत्तर १३ आले, की शिक्षकांसमोर उभे राहून ते निर्भयपणे सांगावे. माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी घरी मुलांना हा एक प्रश्न घालावा आणि उत्तरापेक्षा त्यांची रीत ऐकून घ्यावी, ही विनंती.