पेट्रोलचा वास

पेट्रोलचा वास आवडणारीं माणसें जगांत पुष्कळ आहेत, आणि आम्हीहि त्यांतलेच, हें सांगावयास आम्हांस संकोच वाटत नाहीं. गाडी पंपावर उभी राहिली कीं आमचा हात नकळत खिडकीची कांच खालीं करतो. "अहो, कांच वर घ्या. तें विष आहे असें वर्गांत तुम्हींच शिकवतां ना?" असें सौभाग्यवती म्हणतात. रसायनशास्त्राच्या अध्यापकाच्या घरांत अध्यापकाखेरीज सर्वजण रसायनशास्त्र पाळतात!

त्या वासांत बेंझीनचा वांटा आहे. मायकेल फॅरडे यानें तें १८२५ सालीं दिव्याच्या गॅसपासून उरणाऱ्या तेलकट द्रवांतून प्रथम वेगळें केलें. हें द्रव्य अस्थिमज्जेस अपाय करतें व रक्ताचा कर्करोग उत्पन्न करतें, याविषयीं आतां शास्त्रज्ञांत दुमत उरलेलें नाहीं. त्याची निर्धोक अशी मात्रा सांगतांच येत नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेचें मत आहे. आपल्याकडील पेट्रोलांत तें शेंकडा एकाहून अधिक असूं नये, असा दंडक आहे.

मग पंपावर क्षणभर थांबणाऱ्याच्या छातींत तें किती जात असेल? हा प्रश्न आम्हीं गेल्या वर्षीं वर्गांत घातला. खरोखर मोजावयाचें तर वायु शोषून घेणाऱ्या कोळशाची लहानशी डबी माणसाच्या गळपट्टीला अडकवितात, आणि कोळशांत काय सांपडलें तें मागाहून प्रयोगशाळेंत पाहतात. डबी गळपट्टीलाच कां, तर हवा नाकाजवळची हवी. छपराजवळची हवा कोणाच्या श्वासांत जात नाहीं. पण अंदाजाला कागद-पेन्सिल पुरे. नळीपाशीं हवेच्या दहा लाख भागांत बेंझीनचा एक भाग आहे असें धरा. म्हणजे घनमीटरांत सुमारें ३.२ मिलिग्रॅम. स्वस्थ उभा असलेला माणूस मिनिटास दहा लिटर हवा घेतो. तीन मिनिटांत तीस लिटर. बेंझीन झालें सुमारें ०.१ मिलिग्रॅम. आपल्या सरकारनें २००९ सालीं बाहेरच्या हवेसाठीं घनमीटरास ५ मायक्रोग्रॅम ही वार्षिक मर्यादा ठरविली. तशा हवेंत दिवसभरांत वीस घनमीटर श्वास घेतला, तरी बेरीज तेवढीच येते. तीन मिनिटांत एक दिवस! वर्गास मौज वाटली. पण आठवड्यांतून एकदां पेट्रोल भरणाऱ्यास वर्षाकांठीं पांच मिलिग्रॅम, हा आंकडा फळ्यावर कांहीं भयंकर दिसेना.

तेव्हां तिसऱ्या बांकावरचा एक विद्यार्थी उभा राहिला. "सर, हें गिऱ्हाइकाचें झालें. भरणाऱ्याचें किती धरायचें?" तो रोज संध्याकाळीं चारपासून बारापर्यंत एका पंपावर नोकरी करतो, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें.

त्याच्या आठ तासांची सरासरी आम्हीं नळीपाशींच्या हवेच्या एक दशांशच धरली. मात्र धांवपळ करणारा माणूस मिनिटास वीस लिटर तरी हवा ओढतो. दिवसाचे तीन मिलिग्रॅम झाले. तीनशें दिवसांचे नऊशें. आमचे पांच, त्याचे नऊशें. गृहीतें थोडीं बदललीं तर आंकडे बदलतील, हें खरें. पण पांच व नऊशें यांचें अंतर कोणत्याहि गृहीतानें मिटणारें नव्हतें. वर्गांत कोणी हंसलें नाहीं. सर्व लोकसंख्येची सरासरी काढणाऱ्या शास्त्राविषयीं आमच्या मनांत पूर्वींपासूनच थोडी अढी आहे. तिच्यांत असा एखादा मुलगा सहज बुडून जातो.

टाकींत एक लिटर पेट्रोल गेलें कीं आंतली जवळजवळ एक लिटर वाफभरली हवा बाहेर ढकलली जाते. दुचाकी असेल तर तो त्या उघड्या तोंडावर वांकलेलाच असतो. ती वाफ परत ओढून घेणारीं यंत्रें कांहीं पंपांवर आहेत. तीं नसतील तेथें वाऱ्याच्या बाजूस उभें रहा, टाकींत डोकावूं नकोस, पेट्रोलनें भिजलेला कपडा अंगावर ठेवूं नकोस, एवढें आम्हीं त्यास सांगितलें.

"तें करीन, सर," तो म्हणाला, "पण टाकी भरून नळी आपोआप बंद पडली, तरी लोक 'राउंड फिगर करा' म्हणतात. मग थेंब थेंब सोडीत वांकून बसावें लागतें. नाहीं म्हटलें तर मालकाकडे तक्रार जाते."

त्या पंपावर आम्ही गेल्या शनिवारीं गेलों होतों. कांच वर होती. नळी बंद पडली तेव्हां आंकडा १९६३ रुपये होता, आणि आम्हीं तेवढेच दिले. हल्लीं पैसे मोबाईलवरून जातात, तेव्हां सुट्या पैशांची सबबहि उरलेली नाहीं. मागच्या मोटारींतले गृहस्थ मात्र खिडकींतून हात काढून सांगत होते, "दोन हजार पुरे कर रे!"