शंभराची नोट

सेवाग्रामच्या बँकेत रोखपालाच्या जाळीआड बसून ज्याने आयुष्याची ऐन वर्षे नोटा मोजण्यात घालविली, त्याला कागदाच्या स्पर्शावरून ऋतू ओळखता येतो, असे मी अनुभवाने म्हणतो. कारण मृगाच्या आधी पीककर्जासाठी आलेल्या सातबाऱ्याच्या उताऱ्यांनी दप्तर फुगते, आणि दिवाळीच्या सुमारास पहिल्या वेच्याचा कापूस विकला गेला, की भरण्याला आलेल्या नोटांवर एखादा पांढरा तंतू हटकून चिकटलेला असतो.

१९६९ साली, ज्या वर्षी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण होऊन आमच्या व्यवसायाचे तोंड खेड्यांकडे वळले, त्याच वर्षी महात्माजींच्या जन्मशताब्दीनिमित्त रिझर्व्ह बँकेने नव्या नोटा काढल्या. त्यांवर बैठ्या बापूंच्या मागे आमच्याच गावचा आश्रम होता. त्यांतली शंभराची नोट हाती आली, की माझी बोटे क्षणभर थबकत. १९३६ साली जमनालाल बजाजांच्या मालगुजारीतील या गावी राहावयास येताना आपल्या झोपडीवर शंभर रुपयांहून अधिक खर्च होता कामा नये, अशी अट बापूंनी घातली होती. आणि सार्वजनिक पैशाच्या पैन् पैचा हिशेब मागणाऱ्या त्या पुरुषाच्या कुटीपासून हाकेच्या अंतरावर आपण रोकड सांभाळतो, या जाणिवेने माझा ऊर भरून येई.

सायंकाळी दार ओढून घेतल्यावर कीर्द आणि तिजोरी यांची रुजुवात होई. पाच रुपयांचा फरक आला, तरी सारी शाखा एकेक पावती पुन्हा उलगडी. घरी दिवा वाट पाहत असे, पण मेळ बसल्यावाचून कोणी उठत नसे. बाहेरच्या माणसाला ही यातायात रक्कम पाहता अनाठायी वाटेल. मला ती कधीच तशी वाटली नाही, कारण ते पाच रुपये कोणाच्या तरी अर्ध्या दिवसाच्या मजुरीचे असत.

वर्षानुवर्षे निंदणखुरपण आणि कापूसवेचणी करून बोटांच्या रेषा झिजलेली एक म्हातारी निराधार योजनेचे पैसे न्यावयास येई. शाईच्या गादीवर तिचा अंगठा मी हलकेच टेकवी, तरी कागदावर उमटे तो केवळ एक निळा डाग; मग दुसरा प्रयत्न, मग तिसरा. “माहे पैसे आले का रे बाबू?” ही तिची विचारणा ठरलेली. एकदा मी नोटा पुढे सरकवून म्हटले, “आजी, मोजून घ्या.” ती नोटा पदराच्या गाठीत बांधू लागली.

“तू मोजल्या ना? मंग मी कायले मोजू?”

मी जाळीतून हात पुढे केला, नोटा परत मागून घेतल्या, आणि तिच्या देखत, एकेक करून, पुन्हा मोजल्या.